दीडशे रुपयांत दोन हजार वर्षं

जुन्या बाजारातली ताडपत्री, कंडक्टर बाबांचा तळहात आणि नाणेघाटातला रांजण... महिन्याला हजार रुपयांत जमलेला एक वेडा छंद!

रविवारची सकाळ, साडेआठ. तुमच्यापैकी निम्मे अजून पांघरुणात असणार आणि उरलेले डोशासाठी फर्ग्युसन रोडवर वेटिंगमध्ये. मी मात्र मंगळवार पेठेत, जुन्या बाजारात, एका निळ्या ताडपत्रीसमोर उकिडवी बसलेय. डावीकडे गंजलेले पाने-पक्कड, उजवीकडे बंद पडलेल्या कॅमेऱ्यांचा ढीग आणि मध्ये एका स्टीलच्या परातीत नाणी. शेकड्यांनी. तांब्याची, पितळेची, काळी पडलेली, हिरवी झालेली, झिजून बटणासारखी गुळगुळीत झालेली.

"बघा मॅडम, बघायचे पैसे नाहीत," चाचा म्हणतात आणि चहाकडे वळतात.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, हे पुण्यात कुणालाही विचारा. इथं काय मिळत नाही? पण पुरातन नाणी मिळतात आणि तीसुद्धा पिझ्झाच्या भावात, हे मला नोकरीला लागून तीन वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. प्राचीन नाणं म्हणजे म्युझियम, काचेचं कपाट आणि लिलावात कोटींची बोली, असंच डोक्यात होतं. त्यात चूक काहीच नाही. सोन्याची गुप्त नाणी तुमच्या-माझ्या पगारात बसत नाहीतच. पण जुन्या काळीही सगळे काही सोन्यात व्यवहार करत नव्हते ना! भाजी घ्यायला, घाटावर जकात द्यायला, कुंभाराला दोन मडक्यांचे पैसे द्यायला चिल्लर लागायचीच. ती चिल्लर हजारोंनी पाडली गेली, हजारोंनी हरवली आणि म्हणूनच आज स्वस्त आहे.

मी महिन्याला हजार रुपये ठरवले. दोघांचा मल्टिप्लेक्सचा एक पिक्चर, पॉपकॉर्नसकट. बस्स.

पहिली खरेदी, पहिला पोपट

माझं पहिलं नाणं तीनशे रुपयांचं होतं. एका बाजूला हनुमान, दुसरीकडे 'ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८'. घरी आले आणि बाबांच्या हातावर ठेवलं. बाबा एसटीत कंडक्टर होते. शिवाजीनगर–जुन्नर या रूटवर त्यांची बरीच वर्षं गेली. आयुष्यभर चामडी बॅगेतल्या चिल्लरमध्ये हात घातलेला माणूस. त्यांनी नाणं तळहातावर दोनदा उडवलं, नखानं कड तपासली आणि परत दिलं.

"हे चाललेलं नाणं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे कुणी कुणाला कधी दिलेलंच नाही. बघ ना, झिजलंय ते सगळीकडे सारखंच. खरं नाणं उंचवट्यावर आधी झिजतं."

नंतर वाचलं तेव्हा कळलं की बाबा शंभर टक्के बरोबर होते. राम, हनुमान, लक्ष्मी, कमळ असलेली आणि १६१६, १७१७, १८१८ अशी लक्षात राहणारी सालं मिरवणारी कंपनीची 'नाणी' कंपनीनं कधी पाडलीच नव्हती. ती अलीकडच्या काळात, श्रद्धाळू आणि हौशी गिऱ्हाइकांसाठी बनवलेली. 'तांदूळ खेचणारं नाणं' हा याच जातीतला आणखी मोठा बनाव. त्यात लोकांनी लाखो रुपये घालवलेत. उलट्या दिशेचा फंडाही आहे. 'तुमचं जुनं नाणं लाखोंना घेतो, आधी फक्त फी भरा' असे मेसेज इतके वाढले, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या नावानं चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल इशारा द्यावा लागला.

तीनशे रुपये गेले. पण तेव्हापासून बाबा माझे पार्टनर झाले.

परातीत काय काय असतं?

सुरुवात शिवराईपासून करा. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. महाराजांच्या काळातली शिवराई महाग असते आणि तिच्या नकलाही भरपूर. पण पेशवाईच्या उत्तरार्धातली दुदांडी शिवराई, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली, अजूनही आरामात मिळते. मला शंभराला मिळाली. ही काही प्राचीन म्हणता येणार नाही, पण हात बसायला आणि नजर तयार व्हायला एकदम बेस्ट.

मग गधैया. नावावर जाऊ नका! इराणच्या सासानी राजांच्या चांदीच्या नाण्यांची ही नक्कल. नकलेची नक्कल होत होत साधारण नवव्या ते बाराव्या शतकापर्यंत राजाच्या चेहऱ्याच्या फक्त रेघा आणि ठिपके उरले. पाठीमागची अग्निवेदीसुद्धा शिडीसारखी दिसायला लागली. चांदी कमी, तांबं जास्त. आपल्याकडे फोटोकॉपीची फोटोकॉपी काढली की जे होतं, ते अख्ख्या राजाचं झालंय.

आणि मग आपले सातवाहन. तांबं, शिसं आणि पोटीन, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचा मिश्र धातू. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. याला 'उज्जैन चिन्ह' म्हणतात. माझा हत्ती मला दीडशेला पडला. सोंड अर्धीच आहे, अक्षरं नाण्याच्या बाहेर गेलीत. पण जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी याच हत्तीकडे बघून 'हं, चालेल' म्हटलं असणार. मी पण तेच म्हटलं.

चांदी हवी असेल तर थोडी वाट बघावी लागते. पश्चिमी क्षत्रपांचा 'द्रम्म' आपल्या रुपयापेक्षा लहान, वजन जेमतेम दोन ग्रॅम. त्यावर मिशीवाल्या राजाचा मुखवटा, मागे तीन कमानींची टेकडी, चंद्र, सूर्य. पण खरी मजा पुढेच आहे. टेकडीभोवती ब्राह्मी लिपीत राजाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव असतं. राजाच्या डोक्यामागे शक संवताचं वर्ष! त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा, इसवी सन तयार. तिसऱ्या-चौथ्या शतकात एवढी शिस्तीत तारीख टाकणारी माणसं होती.

माझ्या द्रम्मासाठी मी दोन महिने काही घेतलं नाही. घेतल्यावर तीन आठवडे कंपनीच्या बसमध्ये ब्राह्मीचा तक्ता घेऊन बसायचे. हिंजवडीचा ट्रॅफिक असल्यामुळे अभ्यासाला वेळ कमी पडला नाही! अशोकाच्या काळातला 'क' म्हणजे सरळ अधिकचं चिन्ह, 'ठ' म्हणजे वर्तुळ, 'ग' म्हणजे उलटा व्ही. नाण्यावरची अक्षरं त्यापेक्षा चार-पाचशे वर्षांनी वाकडी झालेली, पण ओळख पटते. एका गुरुवारी, वाकडच्या पुलावर, मला 'वीरदाम' दिसला. मग 'पुत्रस'. मग 'रुद्रसेनस'. वीरदामाचा मुलगा महाक्षत्रप रुद्रसेन, म्हणजे दुसरा रुद्रसेन, तिसऱ्या शतकातला. वर्षाचा आकडा मात्र अर्धा कापला गेलाय, फक्त शंभराचं चिन्ह दिसतं. शेजारच्या सीटवरची मुलगी घाबरली, कारण मी जोरात 'येस्स!' ओरडले होते.

वजनकाटा नावाचा हिरो

या छंदाला लागणारी सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे छोटा डिजिटल वजनकाटा. चारशे रुपये. बाबा आधी हसले, मग त्यांनीच तो ताब्यात घेतला.

पुणेकरांना यात एक मोठा पूर्वज आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी. गणितज्ञ माणूस. फर्ग्युसनमध्ये शिकवलं, पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये गेले आणि डेक्कन क्वीननं जा-ये करत राहिले. चांदीच्या आहत नाण्यांची, म्हणजे ठसे ठोकून बनवलेल्या भारतातल्या सगळ्यात जुन्या नाण्यांची त्यांनी हजारोंनी वजनं केली. त्यामागची कल्पना साधी होती. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, झिजतं तसं हलकं होतं. म्हणजे एकाच ठेव्यातल्या नाण्यांची वजनं बघितली, की कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे गणितानं मांडता येतं. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. पण त्यासाठी सगळी नाणी एका जागी पाहिजेत."

हे वाक्य मला पुढे चांगलंच महागात पडणार होतं.

ओल्या मातीची चौदा नाणी

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी चाचा आले नव्हते. त्यांच्या जागी एक पोरगा बसला होता, विशीतला. मी हत्ती शोधतेय हे बघून त्यानं पिशवीतून एक फडकं काढलं. आत चौदा नाणी. सगळ्यांवर तीच लाल माती, अजून ओलसर. आणि त्यांच्यासोबत खापराचा एक तुकडा, आतल्या बाजूनं हिरवा डाग पडलेला.

माझ्या पोटात धस्स झालं. नऊ हत्ती मी मोजले. दोन नाण्यांवर अक्षरं दिसत होती, पूर्ण. आणि ते खापर म्हणजे ही नाणी ज्या मडक्यात पुरून ठेवली होती त्याचा तुकडा.

"कुठली?"

"जुन्नरकडची. शेतात पाइप टाकताना निघाली. बाकीचं नका विचारू ताई. सगळी मिळून तीन हजार."

तीन हजार! म्हणजे एक नाणं दोनशे चौदा रुपयांना. माझ्या बजेटच्या तिप्पट, पण अशी संधी परत कधी? मी बाबांना फोन लावला. ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले.

"ड्यूटी संपल्यावर कॅश भरताना दहा रुपये कमी भरले तर आमच्यावर रिपोर्ट. आणि दहा जास्त निघाले तरी रिपोर्ट. का, माहितीये? जास्तीचे पैसे पण कुणाच्या तरी हिशेबातून सुटलेले असतात."

कायदा मला तोपर्यंत माहीत झाला होता. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर तो कलेक्टरला कळवावा लागतो. सरकारनं तो ठेवून घेतला तर मोबदला देण्याची तरतूदही त्यात आहे. मी त्या पोराला हे सांगायचा प्रयत्न केला. त्यानं 'कलेक्टर' हा शब्द ऐकला आणि फडकं बांधायला घेतलं.

मला त्या क्षणी जोगळटेंभी आठवत होतं. नाशिक जिल्ह्यातलं गाव. १९०६ मध्ये तिथं क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपले ठसे पुन्हा मारलेले. नहपानाच्या चेहऱ्यावर उज्जैन चिन्ह! म्हणजे सातवाहन राजानं क्षत्रपाला हरवलं, त्याचा खजिना हातात आला आणि त्यानं तोच पैसा स्वतःच्या नावानं परत चालवला. ही गोष्ट इतकी ठाम सांगता येते, कारण तो ठेवा एकत्र मोजला गेला. तीच नाणी तेरा हजार ताडपत्र्यांवर विखुरली असती तर प्रत्येक नाणं नुसतंच 'छान जुनं नाणं' राहिलं असतं.

मी ती चौदा नाणी घेतली नाहीत.

आता इथं टाळ्या वाजवू नका. मी दहा पावलं गेले नसेन, तेवढ्यात एका गृहस्थानं बसून त्यातली पाच निवडून घेतली. अक्षरवाली दोन्ही. पुढच्या अर्ध्या तासात उरलेली गेली, तीन इकडे, एक तिकडे. खापराचा तुकडा तेवढा ताडपत्रीवर राहिला, मग तोही कुणाच्या तरी चपलेखाली. मी घेतली नाहीत म्हणून ती वाचली नाहीत. फोटो काढायचंसुद्धा मला सुचलं नाही.

आणि घरी येऊन माझ्या दीडशेच्या हत्तीकडे बघितलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच्यावर माती नाही, एवढाच फरक. तोही कधीतरी, कुठल्यातरी शेतातून, कुठल्यातरी फडक्यातूनच आलाय.

नाणं घेऊन नाणेघाटात

पुढच्या शनिवारी बाबा म्हणाले, "चल, त्याला त्याच्या गावाला नेऊन आणू."

पुणे–नारायणगाव–जुन्नर. नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. नारायणगावच्या स्टँडवर बाबांना ओळखणारे दोन चेहरे अजून निघाले, त्यामुळे चहा दोनदा झाला. जुन्नरहून आपटाळे, डावीकडे चावंड, पुढे घाटघर आणि तीसेक किलोमीटरवर रस्ता संपतो तो थेट कड्याच्या टोकाला. बाजूला जीवधन आणि वानरलिंगी, समोर नानाचा अंगठा आणि खाली कोकण. ढग आपल्या पायाच्या लेव्हलला!

घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात पडायची, असं म्हणतात. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल या खिंडीतून वर चढायचा आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जायचा. बाबांनी रांजणात डोकावून बघितलं. आत वेफर्सची पाकिटं आणि पाण्याची एक बाटली.

"ही आमची बॅग," ते म्हणाले. "फक्त खांद्याला लावता येत नाही."

खिंडीतून थोडं खाली उतरलं की ती गुहा येते. भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. यज्ञ केले, गाई दिल्या, घोडे दिले, हत्ती दिले आणि हजारो कार्षापणं दक्षिणा दिली, असा चक्क हिशेब. आकड्यांसकट. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये हे आकडे मोजले जातात. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता वर नावं आहेत, खाली पायांच्या खुणा आणि मधली माणसं गायब. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी... मी अडखळत एक-एक नाव वाचलं. बाबा मागे उभे राहून ऐकत होते.

मी पाकिटातून हत्ती काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी सवयीनं तो दोनदा उडवला.

"हे चाललेलं आहे," ते म्हणाले. "याच रूटवर चाललं असेल."

"असेल. पण सिद्ध करता येणार नाही, बाबा."

"का?"

"कुठं सापडलं ते कुणी लिहून ठेवलं नाही."

मी प्रत्येक नाण्यासाठी एक छोटं कार्ड करते. वजन, धातू, खूण, किंमत, तारीख, कुठून घेतलं. हत्तीच्या कार्डावर लिहिलंय : 'जुना बाजार, पुणे'. त्याच्या आधीची जागा रिकामी आहे. ती रिकामीच राहणार. पण आता माझ्या नंतर हे नाणं ज्याच्याकडे जाईल, त्याला निदान एक ओळ तरी जास्त मिळेल.

परतताना चाचांचा फोन आला. "मॅडम, एका जुन्या मास्तरांचा संग्रह आलाय. प्रत्येक नाणं कागदात आणि कागदावर लिहिलेलं. आपल्याला वाचता येत नाही, तुम्ही या."

महिना संपायला अजून बारा दिवस होते. पाकिटात साडेचारशे रुपये. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी खिशात हात घातला.

जाण्याआधी

- महिन्याचं बजेट ठरवा आणि पहिले सहा महिने एकाच राजवटीवर काढा. सातवाहन किंवा क्षत्रप, काहीही. नजर लवकर तयार होते.

- खिशात लहान भिंग, वजनकाटा आणि चुंबक ठेवा. चांदी किंवा तांबं म्हणून विकलेलं नाणं चुंबकाला चिकटलं तर नमस्कार करून उठा. कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे किंवा एकाच ढिगात हुबेहूब सारखी चार नाणी दिसली तर ती ओतीव नक्कल समजा. हातानं ठोकलेली दोन नाणी तंतोतंत सारखी सहसा नसतात.

- घासू नका! चिंच, मीठ, लिंबू, राख सगळं वर्ज्य. आईनं माझी एक शिवराई दिवाळीत समईबरोबर लख्ख करून दिली. आता ती नव्या वॉशरसारखी दिसते. फार तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा.

- स्वस्तातल्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नका. हिरवा चिकट थर चढतो. साधी, आम्लविरहित कागदाची पाकिटं चांगली.

- बिल मागा. जुन्या संग्रहातलं, नोंद असलेलं नाणं पन्नास रुपये जास्त देऊनही घ्या. ओली माती दिसली तर दूर राहा.

- ऑनसाइट जाताय? नाणी घरी ठेवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते तुम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मित्राला गिफ्ट म्हणूनसुद्धा नाही.

- नाणेघाट पावसाळ्यात भन्नाट दिसतो, पण वीकएण्डला गर्दी प्रचंड. सकाळी लवकर पोहोचा. आणि रांजणात काही टाकू नका, जकात बंद झालीय!